सोनेरी कॅमेरा आणि मिठाची पुरचुंडी

मंडळी, पेणच्या सायबर कॅफेतून लिहितोय. कोणीतरी लगेच उत्तर द्या.

माझा तो लिमिटेड एडिशन कॅमेरा, सोनेरी कडांचा. रोह्याच्या कंपनीत ओव्हरटाइम करून घेतलेला. वापरला तर किंमत उतरेल म्हणून त्यात कधी रोलसुद्धा घातला नाही.

आमचं मिठागर उद्या कायमचं बंद होतंय. सकाळी बाबा म्हणाले, "तुझ्या त्या चांगल्या कॅमेऱ्यानं माझा एक फोटो काढतोस काय? मिठाच्या राशीपाशी?" बाबांनी आजवर माझ्याकडे काहीच मागितलं नव्हतं.

शोकेसमधली त्याची पेटी उघडली तर कॅमेरा गंजलेला, बटण दाबलं जाईना. शेजारी ओलीचिंब पुरचुंडी. आईला विचारलं.

"तुझ्या बाबांनीच ठेवली ती, पावसाळ्यात. मीठ ओल खेचतं ना रे. तुझा कॅमेरा खराब व्हायला नको म्हणून."

रामवाडीचा मेकॅनिक बघताक्षणी म्हणाला, "हा आता शोकेसमध्येच ठेवा." अरे, तिथेच तर होता इतकी वर्षं!

स्टुडिओवाला त्याचा साधा कॅमेरा द्यायला तयार आहे. नेतोही. पण बाबा इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर बसलेत. बघताच विचारतील, "तुझा चांगलावाला कुठं हाय?"

सांगा, काय उत्तर देऊ?