'जाते' फक्त एकदाच

आमच्या घरात कुणी 'जातो' म्हणत नाही. 'जाऊन येतो' म्हणायचं. चुकून 'जातो' निघालंच तोंडून, तर अम्मा उंबऱ्यावरून परत बोलावते, पाटावर बसवते, पाणी पाजते आणि मग सोडते. आम्ही तंजावरकडची मराठी माणसं, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ शेजारात राहिलेली. 'जातो' म्हणणारा परतत नाही, हे आमच्या हाडात भिनलंय.

अप्पांनी रोज पहाटे, ऑफिसच्या आधी बसून, एक जुनी नावाजलेली तमिळ कादंबरी मराठीत आणली. तिच्यातली सून विहिरीवर, देवळात, माहेरी, कुठंही निघाली की 'जाऊन येते' म्हणते. शेवटच्या पानावर मात्र घर कायमचं सोडताना सासूला नुसतं 'जाते' म्हणते. त्या एका शब्दापायी अप्पांनी कितीतरी वर्षं घातली.

पुण्याहून छापील प्रत आली. मी आधी शेवटचं पान उघडलं. 'निघते.' तळपायाची आग मस्तकात गेली! पेन्सिल घेऊन पहिल्या पानापासून बसले. विहिरीवर 'निघते'. देवळात 'निघते'. माहेरी जातानाही 'निघते'! संपादकानं भिंतीला चुना फासावा तसा एकच शब्द सगळीकडे फासला होता.

"असू दे गं," अप्पा म्हणाले. "दुसऱ्या आवृत्तीत करतील नीट." त्या आशेवर ते दिवस काढत होते.

पुढं तोच संपादक कामानिमित्त आमच्या मद्रासला आला, एग्मोरच्या हॉटेलात उतरला. अप्पांनी कौतुकानं जेवायला बोलावलं. सांबार दोनदा मागून घेतलं त्यानं. मी पेन्सिलीच्या खुणांसकट पुस्तक पुढं केलं.

"अहो, ते तुमचं तमिळ वळणाचं मराठी! वाचक हसले असते," तो म्हणाला. "आणि दुसरी आवृत्ती छापून झालीसुद्धा. एकाचीही तक्रार नाही."

तक्रार कशी येईल? वाचकाला कळायला मेल्यानं काही शिल्लक ठेवलं होतं का? अप्पांचा हात केळीच्या पानावर तसाच राहिला. पुढचा घास त्यांनी घेतलाच नाही.

हात धुऊन त्यानं चपला घातल्या. "बरं, निघतो."

"अय्यो, असं म्हणू नये," अम्मा म्हणाली. "जाऊन येतो म्हणा."

"हो हो, जाऊन येतो," तो हसला.

"नको," मी म्हटलं. "तुम्ही जा."

अम्मानं कपाळाला हात लावला. पाहुण्याला उलटून बोललेलं अप्पांना अजिबात खपत नसे. पण ते उठले, माझ्याकडे बघितलं, आणि संपादकामागं दार लावून घेतलं.