दामूची निळी गाठ

आयुष्यभर गाड्यांखाली लोळलेला माणूस मी. आवाज आला की कुठलातरी बोल्ट ढिला असतो, एवढंच माझं अध्यात्म. तरी हे लिहितोय, कारण रेसवाली पोरं एका गोष्टीचं श्रेय मला देतात... आणि ते माझं नाही.

घाटकोपर पश्चिमेला, मेट्रोच्या खांबांपासून जरा आत माझं गॅरेज. हौशी ड्रॅग रेसवाले, म्हणजे आठवडाभर ऑफिस आणि रविवारी शहराबाहेरच्या धावपट्टीवर सरळ रेषेत सुसाट, गाड्या तपासायला माझ्याकडे आणतात. पूर्वी तपासणी माझा भागीदार दामू करायचा. मानखुर्दकडच्या कोळीवाड्यातला. गाडी पास होईपर्यंत तो स्टिअरिंगला जाळ्याच्या निळ्या दोऱ्याची गाठ मारून ठेवायचा. ती गाठ त्याच्याशिवाय कुणाला बांधताही यायची नाही, सोडवताही. ‘खाली लोळल्याबिगर पास नाय करायची,’ हा त्याचा नियम. दामू वारला, गाठ बंद झाली. मी नुसता ‘पास’चा स्टिकर लावायला लागलो.

मुलुंडची ऋचा, बँकेत नोकरीला, दामूच्या वेळेपासून येणारी, शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी गाडी घेऊन आली. टायर नवे, रुंद. सोबत नारळाच्या वड्या. वड्या खात गप्पा झाल्या, माझे गुडघे कुरकुरत होते... टॉर्च मारून वरवर पाहिलं, स्टिकर लावला. गाडी आत ठेवून शटर ओढलं. किल्ल्या माझ्या खिशात.

सकाळी मी शटर उघडलं. ऋचानं गाडीचं दार उघडलं आणि थांबली.

“काका, गाठ का मारलीत? काल तर पास म्हणालात.”

स्टिअरिंगला निळा दोरा. दामूचीच गाठ.

माझ्या तोंडून निघालं, “जरा परत बघायचंय.” खाली शिरलो, तिला स्टिअरिंग पूर्ण वळवायला सांगितलं. रुंद टायर ब्रेकच्या पाइपला घासत होता. पाइप अर्धाअधिक झिजलेला. त्या वेगात ब्रेक दाबला असता तर – पुढचं लिहवत नाही.

पोरांमध्ये बोभाटा झाला, काकांची नजर म्हणजे नजर. शाल घातली मला. मी घेतली.

ती शाल कपाटात टोचत राहिली. परवा शेवटी ऋचाला सगळं सांगितलं. ती चहात खारी बुडवत हसली.

“ते मला तेव्हाच कळलं होतं. तुम्हाला बुटाची नाडी धड बांधता येत नाही, काका. चेनवाले बूट घालता.”

“मग बोलली का नाहीस गं?”

“त्या दिवसापासून तुम्ही प्रत्येक गाडीखाली लोळायला लागलात ना. म्हटलं, कशाला बोला.”

गाठ कुणी मारली, ते तिलाही ठाऊक नाही, मलाही. दोरा कापून काढला होता, तो किल्ल्यांच्या खिळ्याला टांगलाय. गाठ अजून तशीच. गुडघे दुखतात... पण गाडीखाली गेलं की हल्ली एकटं वाटत नाही.