चिमन्याची म्हैस आणि आमच्या ओळीतल्या बाया

आदिलाबादच्या बाजारात भाजी उरली तर सांजेला गुरांपुढं टाकता येते. उरलेले किस्से कुठं टाकायचे? आमच्या भाजीवाल्यांच्या ओळीत तर रोज एक नवा! म्हणून लिहून राह्यली. चौथी शिकली आहे मी, चुका काढू नका.

दुपारी गिऱ्हाईक नसतं. मग वांग्याच्या टोपल्याला मोबाईल टेकवून आम्ही बाया कार्टून पाहतो. चिमन्या नावाचा एक आळशी माणूस अन् त्याची बोलणारी म्हैस, एवढंच. पण किती वर्षांपासून चालू आहे! आमची पोरं पाहायची, ती मोठी होऊन सुटली. आम्ही अडकलो.

ओळीत नवी बाई आली की तिला कार्टूनची ओळख करून द्यायचं काम माझं. पहिल्या भागापासून लावलं तर बाई झोपते. म्हणून आधी चिमन्याच्या हळदीचा भाग. हा माझा कायदा.

*

कांदेवाली सरूबाई, तलमडुगुची. चिमन्याचा म्हातारा बाप पडद्यावर आला अन् हिनं झटकन डोक्यावर पदर घेतला!

“अवो, चित्र हाये ते!” मी ओरडले.

“असन. पन पाहून तर इकडंच राह्यला ना!”

*

टमाटेवाली यल्लम्मा घरी तेलुगू बोलते, मराठीचा एक शब्द येत नाही. पण हसते आमच्या आधी!

“तुमको क्या समझता गे?” सरूबाईनं विचारलं.

“आदमी का कुछ नहीं समझता. भैंस का सब समझता!”

*

मेथी विकणाऱ्या गंगूआजीला तोच हळदीचा भाग लावून दिला. म्हातारी मधेच उठली, मसाल्याच्या दुकानातून चिमूटभर हळद आणली, पाण्यात कालवली अन् फासली माझ्या मोबाईलवर!

“आजी! काय करून राह्यल्या?”

“नवरदेवाले कोरडं काऊन ठेवता? लागली हळद. आता जेवन काढा!”

मोबाईल पिवळाजर्द. जेवण म्हणून चिवडा मागवला. तेव्हापासून प्रत्येक नव्या बाईमागं चिवडा ठरलेला.

*

आता कमल. माझी धाकटी जाऊ. दुकान माझ्या दुकानाला लागून, तोंड मात्र तिकडं. तिच्या पोरीच्या लग्नात पहिली हळद लावायचा मान माझा होता. तिनं दिला भीमपूरच्या बहिणीला. मग मीही मांडवात सगळ्यांसमोर तोंड सोडलं. तेव्हापासून अबोला.

खरं सांगते, बाकीच्या आल्या काय अन् गेल्या काय, मला ती पाहिजे होती. पण बोलवायचं कुणी? मी? हट्! मी मोबाईलचा आवाज तेवढा वाढवायची.

परवा नेरडीगोंडाहून एक नवी बाई आली. हळदीचा भाग लावला. म्हैस चिमन्याला झापून राह्यली होती, “लगन झाल्यावर तरी आंघोळ करशीन का रे?” आम्ही हसलो. पाहते तर कमलची पाठ हलून राह्यली!

मी गुपचूप आवाज बंद केला. पुढचं पाहायचं तर आता वळावंच लागेल!

शेवटी कमल गर्रकन वळली, उठली अन् येऊन मोबाईलवर वाकली.

“अवो बाई,” ती मला म्हणाली, “हे म्हैस बोलते होय? मले वाटलं, इतके दिवस तुमीच वरडून राह्यल्या!”

“खाली बस,” मी म्हटलं. “मागच्यायले दिसून नाई राह्यलं.”