शिक्का देवाजीभाऊंचा, फेरे सासूबाईंचे

“मॅडम, लग्न मी लावलं. सही माझी, शिक्का माझा. आणखी काय पायजे कोर्टाले?”

देवाजीभाऊंनी लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र माझ्या टेबलावर ठेवलं. ते गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. गावातली भांडणं पोलिसांत न जाता गावातच मिटावीत म्हणून ही समिती असते. आमच्या चामोर्शीकडे मात्र तिच्यापुढे भांडणांपेक्षा पळून गेलेली जोडपीच जास्त येतात. त्यांना ग्रामपंचायतीत बोलवायचं, हार घालायला लावायचे, फोटो काढून पेपरला पाठवायचा. फोटोत मधोमध अध्यक्ष. नवरा-नवरी उरलेल्या जागेत.

शेजारी बसलेल्या सुषमाचं लग्न असंच लागलं होतं. पुढे तिच्या नवऱ्याला, प्रफुलला, कंपनीत नोकरी लागली आणि त्याला एकदम कायदा आठवला. “लग्न झालंच नाही, हार तर सत्कारालाही घालतात,” असं म्हणून त्याने तिला माहेरी पाठवलं आणि वरोऱ्याची मुलगी ठरवली. मी सुषमाची वकील; आम्ही दावा टाकला. कोर्टाने ते दुसरं लग्न तूर्त थांबवलं होतं. पण हरलो असतो, तर सुषमा कायद्याने कोणाची कोणीच नव्हती. त्या घरात राहून गेलेली एक बाई, एवढंच.

“भाऊ, तुम्हाला लग्न लावायचा अधिकारच नाही,” मी म्हटलं.

“मंग कोणाले हाये? भटजीले?”

“त्यालाही नाही.”

भाऊंना जरा बरं वाटलं.

हे पुष्कळ शिकलेल्यांनाही माहीत नसतं. रजिस्टर मॅरेजला सरकारी विवाह अधिकारी लागतो. हिंदू पद्धतीच्या लग्नात मात्र लग्न कोणी लावलं हे कायदा विचारत नाही. विधी कोणते झाले, एवढंच विचारतो. दोघांपैकी एकाच्या घरची जी रीत असेल, ती पार पडली पाहिजे. प्रफुलच्या घरी फेऱ्यांशिवाय लग्न धरत नाहीत.

“फेरे झाले होते, मॅडम,” सुषमा म्हणाली. “मारुतीच्या देवळापुढे. गाठ बांधून.”

मी भाऊंकडे पाहिलं. ते पंख्याकडे पाहत होते.

“झाले होते का, भाऊ?”

“हार घातले, टाळ्या झाल्या, लग्न झालं. मंग लोकं काय काय करतेत, ते पाहाची मले काय गरज?”

ते ना हो म्हणेनात, ना नाही. फेऱ्यांचे फोटोही नव्हते. हारांचे फोटो झाले तसा फोटोवाला निघून गेला होता. गावातल्या दुसऱ्या कोणाला साक्षीला आणावं, तर कोणी तयार होईना. गाव तंटामुक्त, उगाच तंटा कोण घेणार? तेव्हा आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, असं मनाशी म्हणत मी याच एका साक्षीदाराला पिंजऱ्यात उभं केलं.

भाऊ नवा सदरा घालून आले होते. माझ्या प्रश्नांना त्यांनी हार, टाळ्या आणि स्वतःचं भाषण एवढंच सांगितलं. मग प्रफुलचे वकील उठले. त्यांना आयतं ताट वाढून मिळालं होतं.

“तुम्हाला लग्न लावायचा अधिकार कोणी दिला?”

“गावानं.”

“म्हणजे कायद्याने नाही. आणि लग्न म्हणजे फक्त हार?”

“फक्त हार काऊन? माझ्या शब्दाले किंमत नाई का?”

“नाहीच. कारण तुमच्या शब्दाला खुद्द मुलाच्या घरच्यांनीही लग्न मानलं नव्हतं. बरोबर?”

वकीलसाहेबांनी हा प्रश्न विचारायच्या आधीच थांबायला हवं होतं. भाऊंचा चेहरा लाल झाला. ते माझं, कोर्टाचं, सगळ्यांचं भान विसरले.

“बरोबर! मी तर हारावरच संपवलं होतं! मी जाहीर केलं, लग्न झालं म्हून. तं याची माय अडून बसली. साऱ्या गावासमोर म्हणे, ‘फेरे झाल्याबिगर मी हिले घरात घेत नाई.’ मंग तिनंच गाठ बांधली अन् मारुतीपुढं फेरे घालाले लावले. माझ्या लग्नावर लग्न! मी तं जेवलोबी नाई त्या दिवशी!”

मागच्या बाकावर प्रफुलच्या आईने पदर तोंडाला लावला होता. पुढे साक्ष द्यायची वेळ आली तेव्हा ती देवाला स्मरून खोटं बोलू शकली नाही. “हो, मीच म्हणली होती,” एवढंच म्हणाली. मला त्या बाईचा राग होता, पण त्या क्षणी तो थोडा उतरला.

निकाल आमच्या बाजूने लागला. लग्न कायदेशीर ठरलं, वरोऱ्याचं लग्न कायमचं मोडलं. अध्यक्षांच्या प्रमाणपत्राला काडीची कायदेशीर किंमत नाही, असंही जजसाहेबांनी निकालात लिहिलं. भाऊंनी तेवढं वाक्य सोडून बाकीचा निकाल गावभर सांगितला. “मी लावलेलं लग्न कोर्टात टिकलं!”

कोर्टाच्या पायऱ्यांवर सासू पुढे आली. “चाल बाई आता घरी.”

“फेरे तुम्हीच घालाले लावले, आत्याबाई,” सुषमा शांतपणे म्हणाली. “घरी कधी याचं, ते मी सांगन.” आणि ती माहेरच्या गाडीत जाऊन बसली. मला फार बरं वाटलं.

तेव्हापासून असा पक्षकार आला की लग्न कोणी लावलं, हे मी विचारतच नाही. मी विचारते, लग्नात रुसलं कोण होतं? जेवलेले लोक सगळं विसरतात. न जेवलेला माणूस मात्र जन्मभर पक्का साक्षीदार असतो.