आधी पेन

समोरच्याचं गाऱ्हाणं ऐकण्याआधी काका त्याच्या खिशातलं पेन काढून घ्यायचे. "आधी पेन दे, मग बोल." वाकोल्यातल्या माझ्या टायपिंगच्या दुकानात त्यांनी भल्याभल्या मिशाळ हवालदारांनाही सोडलं नाही.

काका निवृत्त पोलीस शिपाई, मूळचे मालवणकडचे. खात्याच्या चौकशीत अडकलेल्या पोलिसांची बाजू ते मांडायचे, तेही एका कटिंग चहावर. बसायचे माझ्या खुर्चीत आणि मला स्टूल द्यायचे, ते सोडा.

एकदा एक महिला शिपाई आली. गणपतीच्या बंदोबस्तातून न सांगता निघून गेल्याचा ठपका होता. सिद्ध झाला तर नोकरी जाणार. साहेब म्हणाले होते, 'चूक मान्य' लिहून दे, ताकीद देऊन सोडतो. तेवढंच टाईप करायला ती आली होती.

"गेली होतीस कुठे?"

"एक आजी हरवल्या होत्या, त्यांना घेऊन हॉस्पिटलला. साहेबांनीच पाठवलं ना, तोंडी."

काकांनी तिचं पेन मुठीत घट्ट धरलं. "मग घाबरतंस कित्याक गो? कायम नोकरी आहे तुझी. ऐकून घेतल्याशिवाय कोण काढत नाय. पण 'मान्य' लिहिलंस की ऐकायचंच संपलं."

कोण कुठे गेलं याची नोंद असलेल्या पोलीस ठाण्याच्या डायरीची नक्कल मागणारे अर्ज मी टाईप केले. दोन फेटाळले. तिसऱ्यावर नक्कल मिळाली ती सुनावणीच्या तासभर आधी. शटर ओढून मीही त्यांच्याबरोबर रिक्षात घुसलो. मी 'लवकर, लवकर' करत होतो आणि काका रिक्षावाल्याला सांगत होते, "हळू रे, आपणच मेलो तर चौकशी कोणाची?"

मी दाराबाहेर थांबलो. साक्षीला तिचे साहेबच होते. आतून काकांचा आवाज आला, "साहेब, ही ओळ जरा मोठ्याने वाचा."

साहेबांनी वाचली. 'हरवलेल्या वृद्धेस घेऊन महिला शिपाई आदेशावरून रुग्णालयात रवाना.' मला तिथल्या तिथे नाचावंसं वाटत होतं. महिन्याभराने ती निर्दोष ठरली, तेव्हा दुकानात खरंच नाचलो.

त्या भरात मी काकांना पेनाचं विचारलं. म्हणाले, "तरुणपणी मी पण 'मान्य' लिहिलं. दुसऱ्याची चूक होती. शिपाई लागलो, शिपाईच निवृत्त झालो." आणि हसले. मला हसता आलं नाही, फार जीव होता माझा त्यांच्यावर.

गेल्या वर्षी काका गेले. खुर्ची रिकामी झाली, तरी मी स्टुलावरच बसतो.

परवा ती आली, वर्दीत. सोबत एक वयस्क हवालदार, हातात लिफाफा, तोंड सुकलेलं. तो बोलायला लागला तशी तिने हात पुढे केला.

"आधी पेन द्या."

त्याने दिलं. तोवर ती काकांच्या खुर्चीत बसली होती.