काजवालीनं कापलेल्या शेपट्या

तिला सगळे काजवालीच म्हणायचे. शिंप्याच्या दुकानात मागच्या बाकावर बसून ती हातानं काज करायची. काज म्हणजे बटण जातं ते भोक. त्याच्या कडेनं दोरा असा दाबून बसवायचा की कापड विरलं तरी काज उसवता कामा नये. दुकानात काज करायचं मशीन आलं, पण चांगला कोट असला की शिंपी अजून तिच्याच मांडीवर आणून टाकायचा.

आणि काज झालं की कपडा उलटा करून मागचे लोंबते दोरे कच् कच् कापायची. लोंबतं काही तिला बघवायचंच नाही. घरी आलेल्या पाहुण्याच्या बाहीला दोरा लोंबताना दिसला, तर बोलता बोलता त्याचा हात ओढून दातानं तोडायची. पाहुणा बिचारा चहाचा कप सावरत बसायचा.

नवरा तिचा पाण्याच्या मीटरचे आकडे घ्यायचा, घरोघर फिरून. माणूस असा बोलका की मीटरचा आकडा एका क्षणात घ्यायचा आणि त्या घरातल्या आजारपणाची चौकशी अर्धा तास करायचा. त्याला नाद एकच. कुणाचा तरी जुना व्हिडिओ कॅमेरा त्यानं घेतला होता, सुट्टी मिळाली की तो डोळ्याला लावायचा आणि घरातल्या माणसांच्या मागं लागायचा. कॅमेरा चालू झाला की तोंडही चालू. त्यामुळं झालं काय, की घरच्या एकाही व्हिडिओत तो दिसत नाही आणि एकही व्हिडिओ त्याच्या बडबडीशिवाय नाही.

अशा माणसाचं बोलणंच गेलं. सकाळी दाढी करताना झटका आला, उजवं अंग लुळं पडलं. पाय हळूहळू वळणावर आला, काठी घेऊन चालायला लागला. पण बोलणं काही येईना. सगळं कळायचं त्याला, डोळ्यांत दिसायचं, पण तोंडातून निघायचं एकच, "बरं." चहा देऊ का? बरं. पाय दुखतोय का? बरं. एकदा ती वैतागून म्हणाली, "अहो, मी घर सोडून चालले." त्यावरही "बरं." मग दोघंही हसली, आणि हसता हसता त्याचा चेहरा असा झाला की ती उठून स्वयंपाकघरात गेली.

दवाखान्यात बोलणं शिकवणारी एक बाई होती. शांत, कधी घाई नाही. ती म्हणाली, "त्यांचंच जुनं बोलणं ऐकवा घरी. वर्षानुवर्षं तोंडात बसलेलं असतं ना, ते कधी कधी आधी परत येतं. आणि आत्ताच ऐकवा. हे पहिले महिने मोलाचे असतात, नंतर जास्त अवघड जातं."

काजवालीला हायसं वाटलं. म्हटलं, हे तर आपल्याकडे पोत्यानं आहे. मुलानं परगावी जायच्या आधी त्या कॅमेऱ्यातलं सगळं कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवलं होतं, शिवाय फोनवरचेही व्हिडिओ. त्यात आवाजच आवाज.

घरी आल्या आल्या नवऱ्याला खुर्चीत बसवलं, कॉम्प्युटर चालू केला आणि एका व्हिडिओवर दोनदा टिचकी मारली. चालू होईना. कॉम्प्युटर उलटा तिलाच विचारतो, हे कशात उघडू? आता हिला काय माहीत कशात. तिनं पहिलं दिसलं त्यावर बोट ठेवलं, तर पडदाभर मुंग्या सांडल्यासारखी अक्षरं. दुसरा उघडून बघितला, तेच. तिसरा, तेच. नवरा खुर्चीतून बघतोय, ती घामाघूम.

"बरं," तो म्हणाला.

"काही बरं नाही," ती म्हणाली आणि नणंदेला फोन लावला.

नणंद म्हणजे त्याची धाकटी बहीण. चौकात झेरॉक्सचं दुकान होतं तिचं, लोकांचे अर्ज कॉम्प्युटरवर भरून द्यायची. वयानं लहान, तरी काजवाली तिला चेष्टेनं वन्सं म्हणायची. दोघींचं भांडण झालं नाही असा आठवडा जायचा नाही आणि एकीला ताप आला तर दुसरीचा पाय घरात ठरायचा नाही. ती दुपारी दुकानाला कुलूप लावून आली, पर्स खांद्याला तशीच, आणि पडद्यावर वाकली.

"वहिनी, ह्यांच्या शेपट्या कुठे गेल्या?"

"कसल्या शेपट्या?"

"नावाच्या पुढे टिंब असतं, त्यापुढे दोन-तीन अक्षरं. ती कुठे आहेत?"

"ती होय? ती कापली मी."

"कापली?"

"अगं, सगळ्यांची नावं म्हणजे नुसते आकडे होते. म्हटलं नीट नावं देऊ. पोरीचा वाढदिवस, नवी खोली, असं. ती टिंबाची अक्षरं उगाच मागे लोंबत होती. एकाला हे, एकाला ते. बरं दिसत नव्हतं."

"आणि कॉम्प्युटरनं काही विचारलं नाही तुला?"

"विचारलं ना. दर वेळी एक चौकट यायची, असं करू का म्हणून. मी दर वेळी हो म्हटलं."

"दर वेळी."

"मग काय. चांगल्या कामाला नाही कशाला म्हणू?"

नणंदेनं कपाळाला हात लावला. मग सांगितलं, की ती अक्षरं बघूनच कॉम्प्युटरला कळतं हा व्हिडिओ आहे की पत्र आहे की फोटो आहे. ती कापली तर तो गोंधळतो. आतला माल आहे तसाच असतो, फक्त त्याला ओळख पटत नाही.

काजवालीचा आवाज एकदम खाली गेला. "मग गेलं का गं सगळं?"

"गेलं नाही. पण कुठली शेपटी कुणाची, ते आता मला काय माहीत. तुला आठवतं का?"

"कापलेले दोरे कोण आठवत बसतं?"

"दुकानातल्या कोटांचं नशीब, तिथे फक्त दोरेच कापतेस," नणंद म्हणाली आणि पर्स खाली ठेवली. म्हणजे आता ती बसणार होती.

तिनं आधी इंटरनेटवरून एक दुसरा प्लेअर उतरवून घेतला. म्हणाली, हा नाव बघत नाही, आत डोकावून बघतो. आणि खरंच, एकेक करून व्हिडिओ चालायला लागले. पोरीचा वाढदिवस चालला. मुलाची नवी खोली चालली. काजवाली पडद्याला नाक लावून बसली. पण हे सगळे मुलानं फोनवर काढलेले. त्यात हा कुठेतरी कोपऱ्यात बसून खातोय, तोंड भरलेलं. आवाज सगळ्यांचा, याचाच नाही.

"ते जुन्या कॅमेऱ्यातले लाव," काजवाली म्हणाली.

ते लावले तर एकही धड नाही. एक चालू होऊन लगेच बंद. एक उघडायलाच तयार नाही. नणंदेनं शेपटी लावून बघितली, काढून बघितली, दुसरी लावून बघितली. चहा झाला, तो गार झाला. शेवटी एक चालू झाला. खालची रेघ पुढे सरकायला लागली, पण पडदा काळा कुळकुळीत.

"याचं चित्र येत नाहीये," नणंद म्हणाली. "आणखी काहीतरी घालावं लागेल यात. मी उद्या दुकानातून शोधून आणते." आणि बंद करायला तिनं हात पुढे केला.

तेवढ्यात त्या काळ्या पडद्यातून आवाज आला, "तर मंडळी, या बाईंना ओळखलंत का? सकाळपासून मान खाली. नवरा आहे की गेला, बघायची फुरसत नाही."

काजवालीनं नणंदेचा हात धरला. "राहू दे."

"अगं पण चित्र..."

"चित्रात ते कधी होते?"

नणंदेनं हात मागे घेतला. खुर्चीतला माणूस पुढे वाकला होता. स्वतःचाच आवाज, भरलेला, हसरा, कुणाला तरी चिडवणारा. त्याचे ओठ हलले, पण काही निघालं नाही. आवाज पुढे चाललाच होता.

"बाई, जरा इकडे बघा."

"जा हो, काम करू द्या," ही काजवाली, तरुणपणची.

"एकदा बघा, मग जातो."

"चहा हवा असेल तर सरळ सांगा."

"दादा, ते लाल बटण दाबलंयस का या वेळी?" ही नणंद, पोरसवदा आवाजात. मागच्या खेपेला सगळा कार्यक्रम झाल्यावर कळलं होतं की त्यानं बटण दाबलंच नव्हतं.

नणंद हसली आणि तिनं डोळे पुसले. "ही जुन्या खोलीतली गोष्ट. पत्र्याच्या. मी तिथे परीक्षेला आले होते."

"जुनी खोली कसली? इकडची. खिडकीपाशी बसून मी शिंप्याचे कोट करायची."

"वहिनी, तुम्ही दोघं इकडे आलात तेव्हा माझं लग्न झालं होतं. माझा आवाज ऐक. हा लग्न झालेल्या बाईचा आवाज आहे?"

"तुझा आवाज अजूनही तसाच आहे, कावळीसारखा. मला नको सांगू. पत्र्याच्या खोलीत उजेड कुठे होता? तिथे मी काज करूच शकत नव्हते."

"दारात बसायचीस ना."

"दारात तू बसायचीस, रस्त्यावरची माणसं बघत."

"बरं," खुर्चीतून आवाज आला.

"तुम्ही थांबा हो," काजवाली म्हणाली. "पुन्हा लाव गं. मशीनचा आवाज येतोय का बघ. पत्र्याच्या खोलीत शेजारच्या घरातलं शिलाईचं मशीन ऐकू यायचं."

नणंदेनं पुन्हा लावलं. दोघी कान देऊन ऐकायला लागल्या. मशीन नव्हतं. फरफर, फरफर असं काहीतरी मागे वाजत होतं. नणंद म्हणाली, तो पंखा. काजवाली म्हणाली, पत्र्याच्या खोलीत पंखा कुठून आला, म्हणजे ही इकडचीच खोली, आणि मान्य कर आता. नणंद म्हणाली, मग तो पाऊस. दोघींचा आवाज चढत गेला, एकीनं दुसरीचं जुनंजुनं काढायला सुरुवात केली, आणि तिकडे काळ्या पडद्यातून तो आपला म्हणतोय, बाई, इकडे बघा.

खुर्चीतल्या माणसानं काठी जमिनीवर आपटली.

दोघींनी वळून बघितलं. तो लालबुंद झाला होता. डावा हात वर करून छताकडे दाखवत होता. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"ना," तो म्हणाला. "नाही."

"मग कुठे हो?" काजवालीनं विचारलं.

"ग," तो म्हणाला. "ग... गच्ची."

मागे ती फरफर चालूच होती. आणि मग काजवालीला आठवलं. दिवसभर वीज गेली होती, कोट दुसऱ्या दिवशी द्यायचा होता, म्हणून ती कापड घेऊन पत्र्याच्या खोलीशेजारच्या घरमालकाच्या गच्चीवर गेली होती उजेडाला. वारा होता. कापड उडू नये म्हणून नणंदेला कापडाच्या एका टोकावर बसवलं होतं आणि ती कुरकुरत होती की मी परीक्षेचा अभ्यास कधी करू. दोघींना तो दिवस नुसता ऐकू येत होता. दिसत होता फक्त त्यालाच, कारण त्या दिवशी कॅमेऱ्याच्या भोकातून त्यानंच तर बघितला होता.

"गच्चीच," काजवाली हळू म्हणाली. "आम्ही दोघी चुकलो."

त्यानं मान हलवली, जोरजोरात, मीटरचा आकडा बरोबर निघाल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी नणंद खरंच ते चित्राचं औषध घेऊन आली, पेन ड्राइव्हमध्ये घालून. "वहिनी, आता दिसेल सगळं. तू कशी दिसायचीस तेही."

"पर्समध्ये ठेव ते," काजवाली म्हणाली.

"का?"

"आधी त्यांच्याकडून ऐकू दे."

बोलणं शिकवणाऱ्या बाईलाही तिनं विचारलं. ती म्हणाली, चालेल, पण भंडावून सोडू नका, शब्द येईल तेव्हा येईल. मग रोज दुपारी तो काळा व्हिडिओ लागायचा. काजवाली मांडीवर काम घेऊन त्याच्यासमोर बसायची आणि विचारायची, आणखी काय होतं हो तिथे? कधी दुपार नुसतीच जायची. कधी तो "बरं"वर यायचा आणि स्वतःवरच चिडायचा, मग ती व्हिडिओ बंद करून दुसरंच काही बोलायची. एक दिवस त्यानं "दोरी" म्हटलं. कपडे वाळत घालायची दोरी, हो, होती. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी "वारा".

आणि मग एका दुपारी त्यानं "उशी" म्हटलं, अगदी स्वच्छ.

काजवालीनं सुई थांबवली. गच्चीवर उशी होती हे तिला काही केल्या आठवेना. कुणाची उशी, कशाला आणली होती, काहीच नाही.

"कसली उशी हो?" तिनं विचारलं.

तो शब्द शोधायला लागला. तिनं काम बाजूला ठेवलं आणि खुर्ची त्याच्याजवळ ओढून घेतली.