ताणून अंथरलेला कागद

मंद्रूप सोडलं त्या सकाळी अण्णा मला पोचवायला स्टँडवर येणार नव्हते. मिरचीच्या बेडवर मल्चिंग पेपर, तो तण दाबणारा प्लास्टिकचा कागद, अंथरायचा राहिला होता. शेवटी बॅग बांधावर ठेवून मीच रानात गेले. अण्णांनी एक टोक टाचेखाली दाबलं, दुसरं माझ्या हातात दिलं. "वढ की! लई ढिला हाय. वारं शिरलं की रोपं मोडत्यात." मग वाकून कागदावर टिचकी मारली. टण्ण आवाज आला तेव्हाच कडेला माती लोटली. दादा, तुला काय सांगायचं, आपल्याकडं सगळे असाच अंथरतात.

इथं जपानमध्ये मी दिवसभर तेच करते, फक्त मशीनवर. मातीत कुजणाऱ्या पॉलिस्टरची फिल्म ताणायची आणि क्ष-किरणांखाली बघायची. ताणली की आतले रेणूंचे विस्कटलेले धागे रांगेत बसतात, त्यांचे स्फटिक होतात, फिल्म कितीतरी मजबूत होते. मातीतल्या जिवाणूंना मग ती लवकर खाता येत नाही. हे सगळं मला ठाऊक होतं! तरी गेल्या वर्षी ह्याच फिल्मचा चाचणीचा रोल, मल्चिंगसाठी म्हणून, मोठ्या तोऱ्यात घरी पाठवला. "पीक निघालं की कुजून जाईल," असं फोनवर सांगितलं. ताणू नका, एवढं सांगायचं मात्र सुचलं नाही.

आपल्या उन्हात मऊ पडलेली ती फिल्म अण्णांनी टाच रोवून ताणली. ती कुजली नाही. ट्रॅक्टरच्या रोटरच्या पात्यांना गुंडाळलेल्या पट्ट्यांचा फोटो तू पाठवलास, रानभर चिंध्या. आणि अण्णा काय म्हणाले? "तुज्या कागदात खोट न्हाय. माजंच कायतरी चुकलं आसंल." मला कुणी कानफटात मारली असती तरी चाललं असतं.

काल इथल्या प्रयोगशाळेच्या सरांनी त्या चाचणीचा अहवाल सहीला दिला. कारण म्हणून एकच ओळ: शेतकऱ्याची चुकीची हाताळणी. ह्या सरांनी स्वतः जन्मात कधी बेडवर कागद अंथरलेला नाही! माझ्या पुढच्या वर्षाचा करार त्यांच्याच हातात आहे. मी ती ओळ खोडली आणि लिहिलं, शेतकरी फिल्म ताणूनच अंथरतो, तशी ती आम्ही तपासलीच नाही, आणि हे सांगायचं मी विसरले. सर लालबुंद झाले. होऊ देत.

घर म्हणजे काय, असं आता कुणी विचारलं तर मला एवढंच सुचतं. जिथं घाण मी केली आणि माफी दुसराच मागतो, ती जागा. ह्याचाच राग येतो, दादा. अण्णांना सांग, चिंध्या वेचू नका. त्या वेचायला मी येतेय.